झालंच नव्हतं म्हणे

घटस्फोट घ्यायला गेले आणि कुमारिका होऊन परत आले. हसू नका. मी साठीला टेकलेली बाई, माझी लेक स्वतः दोन मुलांची आई, आणि मला एक वकीलबाई टेबलापलीकडून सांगतात की बाई, तुमचं लग्न झालेलंच नाही, तर घटस्फोट देऊ कुठून? मी म्हटलं, मग इतकी वर्षं मी कुणाचे मोजे शोधत होते? त्यावर त्यांच्या कायद्याच्या पुस्तकात काही उत्तर नव्हतं. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही मलाच वेड्यात काढाल.

आमचे हे बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी वेळेवर सुटली की नाही ते बघायचं, एवढंच काम. गाड्या कधी वेळेवर सुटल्या नाहीत, त्याचं सगळं उट्टं ह्यांनी घरी काढलं. वेळेवर पोचणं म्हणजे ह्यांच्या लेखी उशीर. कुणाच्या समारंभाला गेलो तर हॉलवाले अजून खुर्च्या मांडत असतात; एकदा तर त्यांनी ह्यांनाच कामगार समजून हातात चार खुर्च्या दिल्या, आणि ह्यांनी त्या मांडल्याही. सिनेमाला गेलो की आधीचा खेळ सुटायच्या आत आम्ही दाराशी. आतलं रडणं, बंदुका, सगळं ऐकू यायचं, त्यामुळे खुनी कोण ते मला तिकीट फाडायच्या आधी माहीत असायचं. डेपोतल्या मंडळींनी ह्यांचं नाव ‘आगाऊराव’ ठेवलं होतं. ह्यांना ते कौतुक वाटायचं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. बाबांचं होतं, मग माझं झालं. जागा भाड्याची, पण करार माझ्या नावावर. समोर काउंटर, मागे काच घासायचं यंत्र, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. कुणाचं नाक बसकं, कुणाचा एक कान वर एक खाली. काडी जरा वाकवून, नाकावरची गादी जरा दाबून चष्मा चेहऱ्यावर असा बसवायचा की माणूस तो घातलाय हे विसरला पाहिजे. ह्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी म्हणते. दुसरं कुणी म्हणायची वाट बघत बसले तर आयुष्य जाईल.

हे निवृत्त झाले आणि संकट दुकानात आलं. सकाळी मी घरी वेणी घालतेय तोवर हे शटर उघडून आत बसलेले. गिऱ्हाइकांना फोन करून सांगायचे, ‘चष्मा तयार आहे, या.’ गिऱ्हाईक दारात हजर आणि काच अजून यंत्रावर. मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. म्हटलं, माणूस रिकामा आहे, हळूहळू निवळेल.

मग एक दिवस जागेचा मालक आला. सोन्याच्या काडीचा चष्मा लावतो, माझ्याकडूनच घेतलेला, त्याचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. म्हणाला, “बाई, एवढं चालतं दुकान सोडताय, वाईट वाटतं हो. पण तुमच्या यजमानांनी लिहूनच दिलं. पुढच्या महिन्यापासून चपलांच्या दुकानवाल्याला शब्द देऊन बसलोय मी.”

मला पहिल्यांदा वाटलं तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.

घरी येऊन विचारलं. हे शांतपणे टीव्ही बघत होते. म्हणाले, “अगं, करार वर्षभराने संपणारच आहे ना? तू दमतेस. शेवटच्या क्षणी धावपळ करण्यापेक्षा आधीच कळवून टाकलं. काय बिघडलं?”

“मला विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय? तू हो म्हणालीच असतीस.”

बस. एवढंच वाक्य. मी भांडी आपटणारी बाई आहे, शेजाऱ्यांना माझा राग आवाजावरून कळतो. त्या दिवशी एकही भांडं वाजलं नाही. बाबांनी ज्या काउंटरवर मला पहिला स्क्रू आवळायला शिकवला तो ह्या माणसाने मला न विचारता चपलांना देऊन टाकला होता. मी म्हटलं, “मला घटस्फोट हवाय. उद्या चार वाजता वकीलबाईंकडे जातेय.” आणि ह्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला, एवढाच काय तो फरक पडला.

वकीलबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचं ऑफिस एका छापखान्याच्या वर, खालच्या यंत्रांनी टेबल सारखं थरथरत असतं. दुसऱ्या दिवशी चाराला पाच कमी असताना मी जिना चढून गेले, तर बाहेरच्या बाकावर हे बसलेले. इस्त्रीचा शर्ट, केस बसवलेले.

“तुम्ही इथे काय करताय?”

“तू चार म्हणालीस. म्हटलं गर्दी असली तर? नंबर लावून ठेवला. आपला पहिलाच आहे.”

स्वतःच्या घटस्फोटाला नंबर लावून बसलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मला हसू येत होतं, आणि हसले असते तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले.

आत गेलो. वकीलबाईंनी सुरुवातीचे प्रश्न विचारले. लग्न कुठे झालं, कधी झालं, मुलं किती. मग म्हणाल्या, “दोघांचंही पहिलंच ना?”

“माझं दुसरं,” हे म्हणाले.

ते खरं आहे. ह्यांचं आधी एक लग्न झालं होतं. ती बाई थोड्याच महिन्यांत निघून गेली. मी तिला कधी पाहिलं नाही, पण ती शहाणी असणार ह्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

“पहिल्या लग्नाचा निकाल लागल्यावर किती दिवसांनी हे लग्न केलंत?”

इथे आमच्या आगाऊरावांची छाती फुगली. “दिवस कसले! सोमवारी कोर्टाने निकाल दिला आणि गुरुवारी आम्ही लग्न उरकून मोकळे. माझी मावशी आणि हिची थोरली काकू, दोघींनी हॉल आधीच धरून ठेवला होता. म्हटलं, उगाच कशाला थांबायचं?”

वकीलबाईंनी चष्मा काढला. मी त्या चष्म्याचा विचार करत होते, डाव्या बाजूचा स्क्रू ढिला झाला होता. पण बाईंचा चेहरा बघून तो विचार तिथेच राहिला.

“काका,” त्या म्हणाल्या, “तेव्हाच्या कायद्यात निकाल दोनदा लागायचा. आधी कच्चा, मग काही आठवडे गेल्यावर पक्का. मधल्या काळात कुणाला तक्रार करायची असेल तर करता यावी म्हणून. पक्का निकाल लागेपर्यंत पहिलं लग्न जिवंत असतं. तुम्ही कच्च्या निकालावर दुसरं लग्न केलंत.”

“मग?”

“मग एक लग्न जिवंत असताना केलेलं दुसरं लग्न शून्य असतं. तुमचं लग्न झालंच नाही.”

खाली छापखान्यात यंत्र धाडधाड चालू होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते, जणू तिथून मावशी काहीतरी खुलासा करणार आहे. म्हणतात ना, पदरी पडलं आणि पवित्र झालं. इथे इतकी वर्षं पवित्र मानून घेतलं आणि मुळात पदरी पडलंच नव्हतं!

“म्हणजे मला घटस्फोट नाही?” मी विचारलं.

“कसा मिळेल? घटस्फोट म्हणजे काय, तर लग्न होतं, खरंखुरं होतं, आणि आजपासून ते संपलं. त्याला आधी लग्न लागतं. तुमच्या बाबतीत कोर्ट फार तर एवढं सांगेल की लग्न नव्हतंच. त्याला विवाह रद्दबातल ठरवणं म्हणतात. एकात कोर्ट गाठ सोडतं. दुसऱ्यात म्हणतं, गाठ बसलीच नव्हती.”

मी भांडायला आले होते, हात हलवत परत जायची माझी तयारी नव्हती. “पण मला फसवलंय. ते चालत नाही का? लग्नाच्या वेळी मला वाटलं, वक्तशीर माणूस आहे, चांगली सवय आहे.”

“फसवणुकीचा प्रकार वेगळा,” वकीलबाई हसू दाबत म्हणाल्या. “कुणी खोटं सांगून, धाक दाखवून लग्न लावलं, तर ते लग्न असतं, पण ज्याला फसवलं त्याने मुदतीत तक्रार केली तर कोर्ट रद्द करतं. कळल्यावरही आपल्या खुशीने नांदत राहिलात तर मग तक्रार चालत नाही. तुम्हाला ह्यांची सवय कधी कळली?”

“लग्नाच्या दिवशीच, हॉलच्या दाराशी. अजून कुलूप उघडलं नव्हतं.”

“आणि त्यानंतर?”

त्यानंतरचं त्यांनी आमच्या दोघांकडे बघूनच ओळखलं. हे मात्र अजून तिथेच अडकले होते. “म्हणजे आम्ही इतकी वर्षं...” असं दोनदा म्हणाले. जिना उतरताना ह्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला. मी म्हटलं, “अहो गृहस्थ, ओळख ना पाळख, बाईमाणसाचा हात काय धरता?”

खरं सांगू, पुढचे काही दिवस माझे फार मजेत गेले. दुकानाची चिंता पोटात होती, पण ही गंमत देवाने वर दिली होती ती का सोडा? ह्यांची उशी मी बाहेरच्या खोलीत टाकली. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हे म्हणाले, “चहा आहे का?” मी म्हटलं, “पाहुण्यांना मिळेल, बाहेर बसा.” शेजारीण विचारायला आली की घरात काय चाललंय, तर मी म्हटलं, “काही नाही, एक भाडेकरू ठेवलाय. माणूस बरा आहे, पण फार लवकर उठतो.” हे आतून ओरडले, “मी ऐकतोय!” मी म्हटलं, “भाडेकरूंनी घरमालकिणीचं बोलणं ऐकू नये.”

आमच्या लेकीला फोन केला. ती पहिल्यांदा हसली, मग एकदम म्हणाली, “आई, मग मी कोण?”

“तुला काही होत नाही. मी वकीलबाईंना निघताना तेच विचारलं. लग्न शून्य ठरलं तरी मुलांना कायदा हात लावत नाही. तू अगदी औरस. अनौरस काय ते आम्ही दोघं.”

“मग आता कर ना परत लग्न! बाबांचं पहिलं लग्न तर कधीच पक्कं तुटलंय. आता काय अडचण आहे?”

“मला कुणी विचारलंय का?”

“बाबांना सांगू विचारायला?”

“खबरदार,” मी म्हटलं.

ह्या ‘विचारण्या’चं तुम्हाला आता सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी बाबांच्या दुकानात काचा पुसत बसले होते. काकू आली आणि म्हणाली, “गुरुवारी मोकळी आहेस ना?” मला वाटलं बाजारात जायचंय. मी हो म्हटलं. एवढीच माझी संमती. मुलगा सरळ होता, नोकरी होती, बाबांना पसंत होता, मलाही काही वाईट वाटला नाही. नाही म्हणाले असते असंही नाही. पण तू काय म्हणतेस, हे त्या गुरुवारी कुणी विचारलं नाही, आणि मग पुढे कधीच नाही. घर कुठलं घ्यायचं, लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, गावाला कधी जायचं, सगळं माझ्यापर्यंत येईस्तोवर ठरलेलं असायचं. वाईट ठरवायचे असंही नाही. म्हणून तर भांडता यायचं नाही.

आणि ह्या माणसाने काय करावं? चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी घाम पुसत दुकानात आले, तोंडावर हसू. “काम केलं! विवाह नोंदणीच्या ऑफिसात जाऊन आलो. लोकांना महिना महिना थांबावं लागतं. मी ओळख काढली. परवाची तारीख मिळाली!”

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, तो मी हळूच खाली ठेवला.

“छान,” मी म्हटलं. “नवरी कोण?”

“म्हणजे?”

“तारीख घेतलीत तर नवरी बघितली असेलच. कुठली आहे? कुणाची मुलगी? तिला चष्मा लावायचा असेल तर घेऊन या, सूट देईन.”

हे हसले. मी हसत नाही हे कळायला ह्यांना वेळ लागला, आणि ह्या माणसाला कशालाही वेळ लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. “अगं, तू तर...” असं म्हणाले आणि थांबले.

“मी येणार नाही,” मी म्हटलं. “परवा तुम्ही, तुमची ओळख आणि ते ऑफिस, तिघांनी लग्न करा.”

संध्याकाळी वकीलबाई आपला चष्मा घट्ट करून घ्यायला आल्या. काउंटरवर टेकून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “जागेचा करार तुमच्या नावावर आहे ना? मग मालकाला बोलवा उद्या.”

मालक आला. हेही आले होते, बाकाच्या टोकावर बसले होते, बोलावलं नव्हतं तरी. मालक म्हणाला, “मला काय माहीत हो, नवरा लिहून देतो म्हटल्यावर मी मानलं. नवरा-बायको वेगळे असतात का?”

“मुळात नवऱ्याने लिहून देऊनही चाललं नसतं,” वकीलबाई म्हणाल्या, “पण ते जाऊ द्या. हे नवरा नाहीतच. ह्यांचं लग्न पहिल्या दिवसापासून शून्य आहे. ह्या गृहस्थांचा आणि ह्या बाईंचा कायद्याने काडीचा संबंध नाही. उद्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीही येऊन तुम्हाला तुमच्या भाडेकरूची जागा सोडतो म्हणून लिहून दिलं, तर तुम्ही मानाल का?”

मालकाने ह्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. “पण मी ह्यांच्या मुलीच्या लग्नाला जेवलोय!”

“ती मुलगी खरी आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “आणि चपलांच्या दुकानवाल्याला तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

तो पुटपुटत गेला. दुकान वाचलं. मी इतकी खूश झाले की वकीलबाईंचा स्क्रू फुकट बदलून दिला. मग वळून बघितलं तर बाक रिकामा. हे कधी उठून गेले ते मला कळलंच नाही.

घरी आले तर बाहेरच्या खोलीत खाटेवर गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. टीव्ही बंद. मी गमतीने म्हटलं, “काय हो भाडेकरू, भाडं थकलंय.” हे म्हणाले, “रस्त्यावरून जाणारा कुणीही, असं म्हणाल्या त्या. बरोबरच आहे कायद्याने.” ह्यांचा आवाज असा बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला चरचरलं. पण मीही हट्टी, मी आत गेले आणि जोरात भांडी लावायला लागले.

दोन दिवसांनी वकीलबाईंचा निरोप आला की मी सांगून ठेवलेला विवाह रद्दबातल ठरवायचा अर्ज तयार आहे, सहीला या. मी एकटीच गेले. त्यांनी समजावून सांगितलं. शून्य लग्नाला कोर्टात जायलाच हवं असं नाही, ते नव्हतंच. पण तसा कोर्टाचा हुकूम हातात असला की पुढे कुणी शंका काढत नाही. मग तुम्ही मोकळ्या. “तुम्हाला फक्त शपथेवर एवढं सांगायचंय, की तुमचं दोघांचं लग्न झालेलं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मी पेन हातात घेतलं. आणि मला बाबा आठवले. शेवटची दोन वर्षं बाबांना दिसत नव्हतं. गावभराला चष्मे लावणारा माणूस, आणि स्वतःला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मी दुकान सांभाळत होते, लेक लहान होती. हे डेपोत जायच्या आधी बाबांकडे जाऊन पेपर वाचून दाखवायचे. अर्थातच पेपर यायच्या आधी जाऊन बसायचे. मग दोघं जण नुसते गप्प बसून पेपराची वाट बघायचे. बाबा मला म्हणाले होते, “तो येतो ना, तेव्हा मला सकाळ झाल्याचं कळतं.” ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं हे करायला. मीही नव्हतं सांगितलं.

आता हे झालंच नाही, असं मी शपथेवर सांगायचं? घटस्फोट असता तर सही केली असती. होतं, आणि आता नको, हे मी हजार लोकांसमोर सांगितलं असतं, वर हजार कारणं दिली असती. पण नव्हतंच कसं म्हणू? बाईंसमोर रडायला नको म्हणून मी त्यांना म्हटलं की पेन चालत नाहीये. त्यांनी दुसरं दिलं. तेही चालेना. शेवटी त्याच म्हणाल्या, “बाई, घाई नाही. घरी जाऊन विचार करा.”

घरी नाही गेले. दुकानात गेले. एक शिक्षिका आल्या होत्या, त्यांच्या चष्म्याचा नंबर बदलला होता. मी त्यांना खुर्चीत बसवून डोळे तपासत होते. तेवढ्यात दारात हे आले. नेहमीसारखे आत शिरले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “येऊ का?”

मी म्हटलं, “गिऱ्हाईक आहे. थांबावं लागेल.”

बाकावर बसले. शिक्षिकाबाईंचं मी निवांत केलं, जरा जास्तच निवांत. फ्रेम दाखवल्या, त्यांना तपकिरी आवडली, मग नको वाटली, मग परत आवडली. हे गप्प बसून होते. एकदाही उठले नाहीत, एकदाही घसा खाकरला नाही. बाई गेल्या तेव्हा उठून काउंटरशी आले, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

“ती नोंदणीची तारीख मी रद्द केली,” म्हणाले. “ते लोक वैतागले.”

“बरं झालं.”

“वकीलबाईंकडे जाऊन आलीस का?”

“आले.”

ह्यांनी मान हलवली. सही केली का, ते विचारलं नाही. काउंटरवर मी पुसायला ठेवलेली एक काच होती, तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कोर्टाला जे म्हणायचं ते म्हणू दे. मालकालाही म्हणू दे. मला तुला एक विचारायचं होतं. तुला काय वाटतं? आपलं लग्न झालं होतं का गं?”

मला पटकन तोडायला एक उत्तर सुचलं होतं, चांगलं खोचक होतं. ते मी गिळलं. कारण ह्या माणसाला उत्तर माहीत नव्हतं. खरोखर माहीत नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, हात काउंटरवर. मी काय म्हणणार ह्याची ह्यांना भीती वाटत होती. आयुष्यभर मी ‘हो म्हणालेच असते’ असं धरून चालणारा माणूस माझ्या ‘नाही’ला घाबरून माझ्यासमोर उभा होता.

“झालं होतं,” मी म्हटलं. “कसं नव्हतं? चांगलं झालं होतं. मी सही नाही केली.”

ह्यांनी डोळे पुसले. मग चष्मा पुसला, मग परत डोळे.

“पण मला कुणी विचारलं नव्हतं,” मी म्हटलं. “काकूने विचारलं, गुरुवारी मोकळी आहेस का. तुम्ही तेवढंही नाही विचारलंत.”

“नाही विचारलं,” म्हणाले. “चुकलं माझं. दुकानाचंही चुकलं. मला वाटायचं तुझ्या वतीने लवकर केलं की तुला बरं वाटेल.” मग म्हणाले, “आता विचारू का?”

“विचारा.”

“तू नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही, पण मी ऐकून घेईन.”

“अहो, आधी विचारा तर!”

मग ह्यांनी विचारलं. शब्द नाही सांगत तुम्हाला. ते माझे आहेत, आणि मी त्यांची फार वाट बघितली आहे. मी उत्तर दिलं तेव्हा माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, गाल तापले, आणि मला ह्यांच्याकडे बघवेना म्हणून मी अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड केलं. ह्या वयात! लाजणं म्हणतात ते हे असतं होय? लग्नात माझ्या मैत्रिणी म्हणत होत्या, लाज गं जरा, नवरी आहेस. मी तेव्हा पुष्कळ प्रयत्न केला होता. पण मला कुणी काही विचारलंच नव्हतं, तर मी लाजणार कशावर?